आईवडिलांनी न सांगितलेला होलोकॉस्ट : कागद कुठे असतात आणि ते कसे वाचायचे

दर वर्षी एकदा जर्मनीहून एक फॉर्म यायचा. वडील तो घेऊन नोटरीकडे किंवा वकिलातीत जायचे, ‘ही व्यक्ती आज हयात आहे’ असा सही-शिक्का आणायचे आणि टपालात टाकायचे. मुलांनी विचारलंच तर उत्तर मिळायचं, ‘पेन्शनचं काहीतरी आहे.’ न्यूयॉर्क, मेलबर्न, हैफा, ब्युनोस आयर्स, कितीतरी शहरांतल्या घरांत हे वर्षानुवर्षं चाललं.

हा फॉर्म म्हणजे हयातीचा दाखला. नाझी छळाची भरपाई ज्यांना नियमित मिळते त्यांना तो भरून द्यावा लागतो. त्याच्यावर एक फाईल क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाच्या फायलीत वडिलांनी शपथेवर सांगितलेली हकिकत असते : कुठल्या गावातून नेलं, कुठल्या छावणीत किती महिने काढले, बरोबर कोण होतं, कोण परत आलं नाही. पोटच्या मुलांना जे आयुष्यभर कळलं नाही ते परक्या देशातल्या एका कारकुनाला ठाऊक असतं, कारण त्याने विचारलं होतं आणि उत्तरावर पैसे अवलंबून होते.

सगळ्या शोधाची किल्ली इथे आहे. युरोपातल्या ज्यूंचा नाझी संहार, म्हणजे होलोकॉस्ट, सोसून वाचलेला माणूस १९४५ नंतरच्या काही वर्षांत एकामागून एक टेबलांसमोर उभा राहिला : सुटका करणारं सैन्य, निर्वासितांची छावणी, मदतसंस्था, जहाज कंपनी, व्हिसा कचेरी, नागरिकत्वाचं कोर्ट, भरपाईचं खातं. प्रत्येक टेबलावर प्रश्न वेगळा होता, भीती वेगळी होती, म्हणून उत्तरही वेगळं होतं. कागद हातात आला की आधी हे विचारा : हा कुणी, कशासाठी भरून घेतला, आणि त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न सुटला की एकमेकांना छेद देणारे कागदही जुळायला लागतात.

गप्प राहण्यामागचं एक कारण मुलांना फार उशिरा कळतं. छळछावणीतून परतलेल्या अनेकांचं ते पहिलं लग्न नव्हतं. आधीची बायको किंवा नवरा आणि मुलं मारली गेली होती. निर्वासितांच्या छावण्यांत १९४५ ते १९४७ या काळात घाईघाईने लग्नं झाली, नवी मुलं जन्माला आली, आणि जुनी नावं पुन्हा उच्चारली गेली नाहीत. शोध सुरू करण्यापूर्वी मनाची एवढी तयारी ठेवावी की आपल्याला कधी न भेटलेली भावंडं कागदावर सापडू शकतात.

जीव वाचण्याचे मार्ग चार

कागद कुठे शोधायचे हे माणूस कसा वाचला यावर ठरतं. छळछावणी आणि घेट्टो (ज्यूंना कोंडून ठेवलेली शहरातली वस्ती) हा एक मार्ग. दुसरा लपून किंवा खोट्या कागदपत्रांवर राहण्याचा. तिसरा सोव्हिएत प्रदेशात पळून जाण्याचा. पोलंडच्या वाचलेल्या ज्यूंपैकी सर्वांत जास्त लोक या वाटेने वाचले, सायबेरियात आणि मध्य आशियात. आणि चौथा वेळेत देश सोडण्याचा. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे १०,००० मुलं आईबापांशिवाय ब्रिटनला पाठवली गेली, ती या चौथ्या गटात येतात.

बहुतेक जण थेट आउश्वित्झ या सर्वांत मोठ्या नाझी छावणीच्या याद्या उघडतात आणि नाव मिळालं नाही की थांबतात. ताश्कंदमध्ये उपाशीपोटी युद्ध काढलेली आई आउश्वित्झच्या यादीत कशी मिळेल? आणि तीही वाचलेलीच असते. बरेच जण स्वतःला त्यात धरत नाहीत. ‘आम्ही कुठे छावणीत होतो’ म्हणून गप्प बसतात.

आधी घर

संगणकाला हात लावण्यापूर्वी घर नीट पाहा. फोटोंच्या मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावर गाव असतं. पाकिटं फेकू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता पाकिटावर असतो, पत्रात नसतो. प्रार्थनेच्या पुस्तकाचं कोरं पहिलं पान पाहा. बँकेच्या जुन्या पासबुकात दर महिन्याला किंवा तिमाहीला परदेशातून येणारी ठरावीक रक्कम शोधा. भरपाईची पत्रं वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, म्हणून लेटरहेड महत्त्वाचं : एखाद्या जर्मन राज्याचं भरपाई कार्यालय असेल तर १९५० च्या दशकातल्या कायद्याखालची फाईल असू शकते; ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ (ज्यूंना भरपाई मिळवून देणारी संस्था) असेल तर बहुधा १९८० किंवा १९९० नंतर सुरू झालेल्या निधीतला अर्ज; जर्मन पेन्शन खातं असेल तर घेट्टोत केलेल्या मजुरीबद्दल २००२ च्या कायद्याने मिळणारी पेन्शन. तिन्ही ठिकाणी तीन वेगळ्या फायली असू शकतात.

ज्यू पद्धतीने दफन झालं असेल तर थडग्यावरची हिब्रू ओळ वाचून घ्या. त्यात ‘अमुकचा मुलगा’ किंवा ‘अमुकची मुलगी’ असं वडिलांचं नाव असतं. घरात कुणालाच आजोबांचं नाव ठाऊक नसताना ते दगडावर कोरलेलं सापडतं.

शरीरावरचा क्रमांक हा वेगळा विषय आहे. कैद्यांना गोंदवण्याची पद्धत फक्त आउश्वित्झमध्ये आणि तिच्या उपछावण्यांत होती, डाव्या हातावर. तिथे सुमारे ४ लाख कैद्यांना क्रमांक दिले गेले. क्रमांकांपुढे ‘ए’ अक्षर लावणं मे १९४४ मध्ये सुरू झालं, म्हणजे ‘ए’वाला क्रमांक त्यानंतरचाच. क्रमांक ओळीने दिले जात, त्यामुळे आउश्वित्झ संग्रहालयाचा दफ्तरखाना बऱ्याचदा क्रमांकावरून गाडीची तारीख आणि ती कुठून आली हे सांगू शकतो. क्रमांक नसणं मात्र कशाचाच पुरावा नाही. १९४४ मध्ये हंगेरीतून आणलेल्या अनेक बायकांना आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊमध्ये नोंद न करताच ठेवलं आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या छावणीत मजुरीला पाठवलं. त्यांना पहिला क्रमांक तिथे मिळाला. आणि ज्यांना फलाटावरून थेट मारायला नेलं त्यांची नोंद झालीच नाही. जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छावणीत तर मेलेल्या कैद्याचा क्रमांक पुढच्याला दिला जाई. त्यामुळे क्रमांक शोधताना छावणीचं नाव आणि साल बरोबर हवंच.

नाव, गाव, तारीख

यातली एकही गोष्ट स्थिर नसते, आणि शोध अडतो तो बहुतेक इथेच.

गावापासून सुरू करा. आज स्लोव्हाकियात असलेलं कोशित्से पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीत ‘कॉशो’ होतं, मग चेकोस्लोव्हाकियात ‘कोशित्से’, नोव्हेंबर १९३८ पासून पुन्हा हंगेरीत, १९४५ नंतर पुन्हा चेकोस्लोव्हाकियात. जर्मन कागदांत ते ‘काशाऊ’ असतं. तिथे जन्मलेली बाई एका कागदावर हंगेरियन आणि दुसऱ्यावर चेकोस्लोव्हाक असते आणि दोन्ही बरोबर असतात. आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्हचंही तसंच : लेम्बर्ग, ल्वूव, ल्वोव, ल्विव्ह. म्हणून पहिलं काम म्हणजे गावाची सगळी नावं आणि ते कोणत्या वर्षी कोणत्या देशात होतं याची चिठ्ठी करणं. ‘ज्यूइशजेन’ या संकेतस्थळावर ज्यू वस्ती असलेल्या गावांची सूची आहे, तिथे ही माहिती मिळते. आणखी एक : लोक जवळच्या मोठ्या शहराचं नाव सांगतात. ‘आम्ही वॉर्साचे’ म्हणणारा माणूस वॉर्सापासून तीस मैलांवरच्या खेड्यातला निघतो.

आडनाव ज्या कारकुनाने लिहिलं त्याच्या भाषेत जातं. श्वार्त्स हे एकच आडनाव जर्मन माणूस ‘एस-सी-एच’ने सुरू करतो, पोलिश माणूस ‘एस-झेड’ने, आणि रशियन वहीत ते सिरिलिक लिपीत असतं. यासाठी १९८५ मध्ये रँडी डाइच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी उच्चारावरून शोधण्याची पद्धत तयार केली. ज्यू वंशावळीच्या बहुतेक संकेतस्थळांवर ‘डाइच-मोकोटॉफ’ या नावाने ती निवडता येते. ती निवडा. जशाच्या तशा स्पेलिंगवर विसंबू नका.

गॅलिशिया म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या पोलंडात आणखी एक पेच आहे. तिथे धार्मिक पद्धतीने झालेलं ज्यू लग्न सरकारदरबारी नोंदवलं नसेल तर मुलं कायद्याने आईच्या आडनावाची धरली जात. घरी वडिलांचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर आईचं. कागदावर दोन आडनावांच्या मध्ये ‘रेक्टे’ किंवा ‘फाल्से’ हे लॅटिन शब्द दिसतात, ‘खरं नाव हे’ आणि ‘चुकीचं नाव हे’ अशा अर्थाने. हे ठाऊक नसलेला माणूस आजोबांना दोन वेगळे इसम समजतो आणि एकाला वगळून टाकतो.

जर्मनीतल्या ज्यूंच्या कागदांवर १९३९ पासून पुरुषांच्या नावात ‘इस्राएल’ आणि बायकांच्या नावात ‘सारा’ दिसेल. ती घरची नावं नव्हेत. ऑगस्ट १९३८ च्या फतव्याने ती लादली होती, १ जानेवारी १९३९ पासून सक्तीची. शोधताना ती सोडून द्या.

खोट्या नावावर युद्ध काढलेल्यांपैकी अनेकांनी, विशेषतः पोलंडमध्ये, ते नाव पुढे कायम ठेवलं. कॉन्व्हेंटमध्ये लपवलेल्या मुलांचा बाप्तिस्मा झालेला असू शकतो. अशा वेळी चर्चच्या वहीत जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी केलेली नोंद हा मोठा धागा असतो. अमेरिकेत बोटीने येणाऱ्यांची तपासणी होई त्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही समजूत मात्र सोडून द्या. जहाजाची यादी निघतानाच्या बंदरात तयार होत असे. अमेरिकेत नाव बहुधा नागरिकत्वाच्या अर्जात बदललं गेलं, आणि त्या कागदावर जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं शेजारीशेजारी असतात. ब्रिटनमध्ये नागरिकत्वाची सूचना लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापून येई.

आता जन्मतारीख. समजा मुलगा १९२८ चा आहे. मे १९४४ मध्ये आउश्वित्झच्या फलाटावर कुणीतरी कानात सांगतं, अठरा सांग, कारण लहान मुलांना थेट मरणाकडे पाठवतात. छावणीच्या कार्डावर १९२६ पडतं. १९४५ मध्ये ब्रिटिश सरकार १००० अनाथ मुलांना यायची परवानगी देतं, अट सोळा वर्षांखालची. तेव्हा तो सतरा वर्षांचा असतो, म्हणून १९३० सांगतो. (प्रत्यक्षात त्या योजनेत ७३२ मुलं गेली, पहिला गट ऑगस्ट १९४५ मध्ये विमानाने प्रागहून इंग्लंडमधल्या विंडरमियरकडे नेला.) त्यानंतर तो साठ वर्षं १९३० चाच राहतो. तिन्ही कागद खरे, तिन्ही वर्षं वेगळी. दिवस आणि महिना मात्र अशा वेळी बरेचदा कायम राहतो, म्हणून वर्षाला चार-पाच वर्षांची सैल दोरी देऊन दिवस-महिन्यावर शोधा.

तारखांचा असाच खेळ १९४८ च्या अमेरिकन निर्वासित कायद्याने झाला. २२ डिसेंबर १९४५ पर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा इटलीच्या दोस्तांच्या ताब्यातल्या भागात पोचलेल्यांनाच त्यात जागा होती. जुलै १९४६ मध्ये किएल्त्से इथे ज्यूंची कत्तल झाल्यावर पोलंडमधून पळालेले हजारो लोक त्यामुळे बाहेर राहत होते. १९५० मध्ये ही तारीख पुढे सरकवली गेली. त्याआधीच्या अर्जात ‘१९४५ पासून म्युनिकला आहे’ असं दिसलं तर दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय धरू नका.

आरोल्सन

जर्मनीतल्या बाड आरोल्सन या छोट्या गावात दोस्त राष्ट्रांनी उभी केलेली शोधसंस्था आज ‘आरोल्सन अर्काइव्हज’ म्हणून ओळखली जाते. २०१९ पर्यंत तिचं नाव ‘इंटरनॅशनल ट्रेसिंग सर्व्हिस’ होतं. सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांविषयीचे कागद तिथे आहेत. दफ्तर अनेक दशकं बंद होतं, संशोधकांना २००७ मध्ये खुलं झालं. आता मोठा भाग इंटरनेटवर फुकट पाहता येतो.

इथे दोन कामं करायची, आणि लोक एकच करतात. पहिलं, स्वतः शोधणं. दुसरं, संस्थेला रीतसर विचारणापत्र पाठवणं. तेही फुकट आहे, उत्तराला काही महिने लागू शकतात. स्वतः शोधून मिळालं नाही तरी विचारणा कराच, कारण प्रत्येक कागदावरचं प्रत्येक नाव ऑनलाइन सूचीत आलेलं नाही, आणि तिथल्या लोकांकडे सुमारे ५ कोटी कार्डांची मध्यवर्ती नावसूची आहे. पत्रात हे सगळं लिहा : नावाची झाडून सगळी रूपं, माहेरचं आडनाव, सगळ्या संभाव्य जन्मतारखा, गावाची जुनी-नवी नावं, आईवडिलांची नावं, युद्धापूर्वीचा शेवटचा पत्ता, युद्धानंतर कुठल्या देशांतून कुठे गेले, आणि तुमचं नातं. ‘वडिलांविषयी जे असेल ते द्या’ असं एका ओळीचं पत्र पाठवलं तर एका ओळीचं उत्तर येतं.

तिथून काय येऊ शकतं? छावणीचं वैयक्तिक कार्ड : उंची, डोळ्यांचा रंग, दात, कोणत्या भाषा येतात, कुणी अटक केली, जवळचा नातेवाईक कोण. बुखेनवाल्ड आणि डाखाउचे कागद अमेरिकन सैन्याच्या हाती बरेचसे शाबूत लागले, म्हणून तिथल्या कैद्यांविषयी जास्त मिळतं. आउश्वित्झचे बहुतेक कागद छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाने माघारीपूर्वी जाळले. बुखेनवाल्डच्या कार्डावर ‘पोलिट. उंगर यूडे’ असं दिसतं, म्हणजे ‘राजकीय, हंगेरियन ज्यू’. ते वाचून मुलं समजतात की वडील भूमिगत चळवळीत होते. तसं नसतं, हंगेरीहून आलेल्या ज्यूंवर हा शिक्का सर्रास मारला जाई.

या ढिगातला सर्वांत बोलका कागद मात्र छावणीचा नाही. तो ‘सीएम/१’ नावाचा अर्ज आहे, आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने १९४७ नंतर मदतीसाठी आणि परदेशी पाठवण्यासाठी भरून घेतलेला. त्यात मागच्या दहा-बारा वर्षांत कुठे राहिलात, काय काम केलंत, शिक्षण, भाषा, बरोबरचे नातेवाईक, परदेशातले नातेवाईक, कुठे जायचंय आणि मायदेशी का परतायचं नाही, हे रकाने असतात. शेवटच्या रकान्यात अधिकाऱ्याने ऐकलेलं उत्तर असतं. ‘तिथे माझं कुणी उरलं नाही’ एवढंच वाक्य अनेक अर्जांत आहे. ज्या आईने आयुष्यभर एक शब्द काढला नाही तिचं हे पहिलं लेखी वाक्य असू शकतं.

आणि एक कागद विसरू नका : ‘टी/डी फाईल’, म्हणजे संस्थेकडे आलेल्या चौकशीची पत्रव्यवहाराची फाईल. अशा सुमारे ३० लाख आहेत. भरपाई मागताना ‘मी छावणीत होतो’ याचा दाखला लागे, म्हणून वडिलांनी स्वतः आरोल्सनला लिहिलेलं असू शकतं. किंवा त्यांना कुणी शोधत होतं. १९५० च्या दशकात कुणा मावशीने वडिलांच्या नावाची चौकशी केली आणि तेव्हा दोघांची गाठ पडली नाही, असंही या फायलींत निघतं. मावशीचा पत्ता तिथे असतो.

याद वाशेम

जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांचा संग्रह आहे, सुमारे ५० लाख नावांचा. ‘मी तर वाचलेल्या माणसाला शोधतोय, तिथे काय मिळणार’ असं वाटेल. पण या संग्रहाचा मोठा भाग म्हणजे ‘साक्षीची पानं’ : १९५० च्या दशकापासून नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी प्रत्येक मृतासाठी भरून दिलेला एक-एक कागद. पानाच्या तळाशी देणाऱ्याचं नाव, नातं, पत्ता, सही आणि तारीख असते. संग्रहात देणाऱ्याच्या नावानेही शोधता येतं. आईचं नाव तिथे टाका. तिने १९५७ साली आपल्या आईवडिलांसाठी, भावासाठी, आणि कधी कधी पहिल्या बाळासाठी पान भरलेलं असेल, आणि घरात कुणाला पत्ता नसेल.

उलटही पाहा : तुमच्याच वडिलांच्या नावाचं पान निघू शकतं. दूरच्या नातेवाइकाला ते गेले असं वाटलं म्हणून त्याने भरलेलं असतं. तो नातेवाईक म्हणजे तुमचा हरवलेला धागा.

भरपाईची फाईल

पश्चिम जर्मनीचा मुख्य भरपाई कायदा १९५६ चा. त्यात स्वातंत्र्य हिरावून घेतल्याबद्दल प्रत्येक पूर्ण महिन्याला १५० मार्क मिळत. म्हणूनच या फायलींत तारखांचा इतका किस काढलेला असतो : घेट्टोला कुंपण कोणत्या दिवशी पडलं, ज्यू असल्याची खूण म्हणून कपड्यांवर पिवळा तारा कधीपासून लावावा लागला, सुटका कोणत्या तारखेला झाली. आजाराची पेन्शन हवी तर कमावण्याची क्षमता किमान २५ टक्के घटल्याचं डॉक्टरने लिहून द्यावं लागे. त्यामुळे आत वैद्यकीय तपासण्या असतात, झोप, स्वप्नं, पाठ, पोट, सगळ्याविषयी. काही सरकारी डॉक्टरांनी ‘हा त्रास छळामुळे नाही, मूळ प्रकृतीच तशी’ असं लिहून अर्ज फेटाळले. ते शब्द तुमच्या आईविषयी वाचणं जड जातं. फाईल एकट्याने, रात्री उघडू नका.

अर्जदारांची केंद्रीय कार्ड-सूची डुसेलडॉर्फला तयार झाली. नाव, जन्मतारीख, जन्मगाव दिलं की फाईल कोणत्या राज्याच्या कार्यालयाची आणि तिचा क्रमांक काय हे कळू शकतं. मग त्या कार्यालयाला किंवा फाईल ज्या राज्य अभिलेखागारात गेली असेल त्याला लिहायचं. बरोबर ओळखपत्र, नात्याचा दाखला, आणि व्यक्ती गेली असेल तर मृत्यूचा दाखला लागतो; हयात असेल तर तिची लेखी संमती. फायलीत बरोबरच्या साक्षीदारांची शपथपत्रंही असतात. त्यांची नावं टिपून ठेवा आणि पुढे त्यांनाही शोधा.

एक सावधगिरी. ही हकिकत वकिलाच्या मदतीने, रकान्यांच्या मापात बसवून लिहिलेली असते. लपून काढलेली दोन वर्षं ‘माणसाला न शोभेल अशा स्थितीत बेकायदा राहणं’ या ठरावीक वाक्यात बसवली जातात. घटना खऱ्या असतात, शब्द बहुधा वकिलाचे.

इतर दफ्तरं, थोडक्यात

जर्मनीहून हद्दपार झालेल्यांकडून निघण्यापूर्वी १६ पानी मालमत्तापत्रक भरून घेतलं जाई, चादरी आणि चमच्यांपर्यंत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गची अशी पत्रकं पोट्सडामच्या राज्य अभिलेखागारात आहेत. पोलंडमध्ये वाचलेल्यांची युद्धानंतरची नोंदणी-कार्डं वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. सोव्हिएत प्रदेशातून परतलेल्यांसाठी ती फार उपयोगी. पोलंडमधल्या जन्मनोंदी १०० वर्षांनी आणि लग्न-मृत्यूच्या ८० वर्षांनी खुल्या होतात. फ्रान्ससाठी पॅरिसचं शोआ (होलोकॉस्टचं हिब्रू नाव) स्मारक. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आरोल्सनच्या कागदांची डिजिटल प्रत आहे आणि तिथले कर्मचारी वाचलेल्यांसाठी आणि कुटुंबीयांसाठी फुकट शोधून देतात. १९९४ मध्ये सुरू झालेल्या शोआ फाउंडेशनकडे ५५ हजारांहून जास्त मुलाखती आहेत. वडिलांनी मुलाखत दिली नसेल, पण त्यांच्या गावाच्या, गाडीच्या, उपछावणीच्या कुणी तरी दिली असेल. गावाच्या आणि छावणीच्या नावाने शोधा.

आपल्याकडचा धागा

मुंबईत १९३४ मध्ये जर्मनीहून येणाऱ्या ज्यूंसाठी ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. आकाशवाणीची सुरुवातीची ओळखधून रचणारे वॉल्टर कॉफमन त्याच वर्षी प्रागहून मुंबईत आले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिशांनी जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रुदेशीय ठरवून अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, त्यात ज्यू निर्वासितही सापडले. पुढे बऱ्याच जणांना चौकशी करून सोडलं. सातारा आणि पुरंदर इथेही अशी माणसं आणि कुटुंबं नजरबंदीत होती. ‘बाबा युद्धात पुरंदरला होते’ असं कुणी म्हणत असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर परदेशी नागरिक, नजरबंदी आणि नागरिकत्व या विषयांखाली शोधावं, आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात गृह खात्याच्या फायली पाहाव्यात. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गल्लत मात्र करू नये. तिथे १९४३ ते १९४८ मध्ये राहिलेल्या सुमारे ५,००० पोलिश लोकांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने घराबाहेर काढलं होतं. त्यांचा छळ वेगळा, त्यांचे कागदही वेगळ्या ठिकाणी.

जुळवणी आणि चुका

एक तक्ता ठेवा. तारीख, ठिकाण, हे कोण सांगतं, कागद कशासाठी होता, आणि कितपत पक्कं, एवढे पाच रकाने पुरतात. दोन स्वतंत्र कागद जुळल्याशिवाय ‘पक्कं’ लिहू नका. एका कागदावरून उतरवलेला दुसरा कागद हा स्वतंत्र पुरावा नव्हे.

सर्वांत घातक चूक म्हणजे एकाच नावाच्या दोन माणसांना एक करणं. पोलंडमधल्या एकट्या लोड्झ शहरात एकाच नावाची कितीतरी माणसं असत. आईवडिलांची नावं किंवा गल्लीचा पत्ता जुळला नाही तर थांबा. इंटरनेटवर इतरांनी मांडलेल्या वंशावळी इशारा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. एकाची चूक पन्नास ठिकाणी उतरलेली असते.

मृत्यूची तारीख ८ मे १९४५ दिसली तर ती जर्मन न्यायालयाने ठरवलेली असू शकते. मृत्यूचा दिवस माहीत नसे, वारसासाठी तारीख लागे, म्हणून युद्धसमाप्तीचा दिवस लिहिला जाई. नगरपालिकेच्या वहीतलं ‘अज्ञात ठिकाणी गेले’ किंवा ‘पूर्वेकडे स्थलांतर’ हे बहुतेक वेळा हद्दपारीचं नाव असतं. त्याच तारखेला त्या शहरातून गाडी निघाली होती का, ते पाहा.

डीएनए चाचणीचा उपयोग आहे, पण पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये शतकानुशतकं आपापसात लग्नं झाल्यामुळे कंपनी ज्याला तिसरा चुलतभाऊ म्हणते तो सहावा-सातवाही निघतो. एकूण जुळणीपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा पाहा. तो २० सेंटिमॉर्गनपेक्षा (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजण्याचं एकक) लहान असेल तर त्या माणसामागे वेळ घालवू नका.

आई किंवा वडील हयात असतील तर

मौन हा त्यांचा हक्क आहे, आणि जगण्यासाठी त्यांनी तो वापरला. सापडलेला कागद अचानक समोर ठेवू नका. ‘तिथे काय झालं’ हा प्रश्नही नको. युद्धापूर्वीच्या घराविषयी, शाळेविषयी, शुक्रवारी संध्याकाळी काय शिजायचं याविषयी विचारा. जमलं तर गावाचा जुना नकाशा पुढे ठेवा आणि घर कुठे होतं एवढंच विचारा. ‘नको’ म्हणाले तर विषय तिथे संपला. न सांगता रेकॉर्डिंग तर कधीच नको. विस्मरणाचा आजार असेल तर जुन्या आठवणी कालच्यासारख्या पुढे येतात, आणि अंघोळीचा शॉवर, गणवेश, रांग, बंद दार यांनी भीती उसळते. अशा वेळी काळजी घेणाऱ्यांना तेवढं सांगून ठेवणं हाच या माहितीचा पहिला उपयोग.

आणि मारल्या गेलेल्या आजीआजोबांची, मामांची, आधीच्या भावंडांची नावं हाती आली, तर ती याद वाशेमच्या संग्रहात आहेत का पाहा. नसतील तर साक्षीचं पान तुम्हीच भरा. एका व्यक्तीला एक पान. जन्मगाव, आईवडिलांची नावं, युद्धापूर्वीचा पत्ता, मृत्यूविषयी जेवढं खात्रीने माहीत तेवढंच, फोटो असेल तर फोटो. रकाना माहीत नसेल तर कोरा ठेवा, अंदाज लिहू नका. आधीच्या पानात चूक दिसली तर पुराव्यासकट कळवा. बाळाचं नाव कुणालाच ठाऊक नसेल तर नावाच्या जागी ‘मुलगी’ लिहून आईबापांची नावं द्या. तेवढ्यानेही पान भरता येतं.